आरिआकेतले वीस महिने: हिकारू मोरीचा प्रकरण अभ्यास

३० जुलै २०२१ रोजी टोकियोच्या आरिआके जिम्नॅस्टिक्स सेंटरमध्ये महिला ट्रॅम्पोलिनची ऑलिम्पिक पात्रता फेरी झाली. मैदानात १६ जणी होत्या आणि अंतिम फेरीत आठ जणींना जागा होती. यजमान जपानकडून हिकारू मोरी आणि मेगु उयामा उतरल्या होत्या. मोरी त्या वेळची विश्वविजेती होती आणि ते विजेतेपद तिने याच इमारतीत वीस महिन्यांपूर्वी मिळवलं होतं. फेरी संपली तेव्हा तिचं नाव तेराव्या क्रमांकावर होतं. दुसरं रूटीन, म्हणजे सलग दहा उड्यांची मालिका, मध्येच तुटलं आणि तिथेच तिचं ऑलिम्पिक संपलं. उयामा अंतिम फेरीत गेली आणि पाचवी आली.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत याचं कारण एका शब्दात सांगून झालं होतं: दडपण. घरचं मैदान, विश्वविजेतीचा शिक्का, पदकाची आशा, आणि मुलगी कोसळली. हे कारण खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्याने काहीच उलगडत नाही. दडपण १६ जणींवर होतं. शिवाय त्याच मुलीने २०१९ मध्ये घरच्याच प्रेक्षकांसमोर, ऑलिम्पिकची जागा पणाला लागलेली असताना सुवर्ण जिंकलं होतं. मग वीस महिन्यांत बदललं काय? खेळाडू, खेळ, नियम की वेळापत्रक? हे प्रकरण तपासण्याजोगं आहे, कारण यात जागा तीच आहे, खेळाडू तीच आहे आणि शेजारी तुलनेला दुसरी जपानी खेळाडूही आहे. खेळाच्या अभ्यासात इतकी स्वच्छ जुळणी क्वचित मिळते.

त्याआधीची वाटचाल

मोरीचा जन्म ७ जुलै १९९९चा, टोकियोतला. २०१३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने जपानची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. इतक्या लहान वयात ती स्पर्धा तोवर कुणी जिंकली नव्हती. पुढे ती टोकियो सोडून इशिकावा प्रांतातल्या कानाझावाला शिकायला गेली. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे शहर त्या देशातल्या ट्रॅम्पोलिनचं एक मोठं केंद्र आहे. लंडन ऑलिम्पिकमध्ये चौथा आलेला मासाकी इतो हाही तिथल्या कानाझावा गाकुइन या शिक्षणसंस्थेचाच. राजधानीत वाढलेली मुलगी ऐन शाळकरी वयात फक्त एका खेळासाठी दुसऱ्या प्रांतात जाते, यावरून घरच्यांची आणि तिची तयारी किती होती ते कळतं.

तिच्या वाट्याला कोणता वारसा आला तेही पाहायला हवं. ट्रॅम्पोलिन ऑलिम्पिकमध्ये आलं २००० साली, सिडनीत. तेव्हापासून जपान या खेळात सतत वरच्या फळीत आहे आणि पदकापासून सतत दूर आहे. २००८ मध्ये बीजिंगला तेत्सुया सोतोमुरा चौथा. २०१२ मध्ये लंडनला इतो चौथा आणि यासुहिरो उएयामा पाचवा. २०१६ मध्ये रिओला गिंगा मुनेतोमो चौथा, इतो सहावा. लागोपाठ तीन ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक! महिलांमध्ये हारुका हिरोता २००४ मध्ये अथेन्सला सातवी आली होती. रिओला महिलांमध्ये जपानकडून राना नाकानो गेली, मोरीला ती संधी मिळाली नाही. कुस्ती, ज्यूदो आणि कलात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये पदकांची सवय असलेल्या देशाला या एका प्रकाराने दोन दशकं दारातच उभं ठेवलं होतं.

२०१८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या जागतिक स्पर्धेत मोरी आणि उयामा या जोडीने सिंक्रो प्रकारात सुवर्ण जिंकलं. सिंक्रोमध्ये दोघी शेजारशेजारच्या दोन ट्रॅम्पोलिनवर एकाच क्षणी तेच रूटीन करतात. उडीची उंची आणि लय इतकी सारखी लागते की दोघींचे पाय एकाच वेळी बेडला, म्हणजे ट्रॅम्पोलिनच्या ताणलेल्या जाळीला, टेकले पाहिजेत. या जोडीचा उल्लेख मुद्दाम करतोय. २०२१ मध्ये जिच्याशी मोरीची तुलना होणार होती, तिच्याबरोबरच तीन वर्षांपूर्वी मोरी जगज्जेती झाली होती. दोघींच्या उडीची जात एकमेकींना ठाऊक होती.

मग २०१९. नोव्हेंबर संपून डिसेंबर लागताना जागतिक स्पर्धा टोकियोत भरली. आरिआकेची इमारत नुकतीच, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पूर्ण झाली होती. लाकडी कमानींचं ते प्रचंड छत जपानने मोठ्या अभिमानाने उभारलं होतं आणि ऑलिम्पिकआधीची कसोटीही तिथेच होत होती. मोरीने वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. जागतिक स्पर्धेत ट्रॅम्पोलिनचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली जपानी खेळाडू ठरली, पुरुषांतही आधी कुणी नव्हतं. या निकालाबरोबर टोकियो ऑलिम्पिकच्या जपानी संघातली तिची जागाही ठरली. वय वीस. ऑलिम्पिक आठ महिन्यांवर.

दहा उड्यांचं गणित

पुढे काय झालं ते समजायचं असेल तर हा खेळ आतून पाहावा लागेल. आपल्याकडे ट्रॅम्पोलिन म्हटलं की मॉलमधली नाहीतर वाढदिवसाच्या पार्टीतली उड्या मारायची जाळी डोळ्यांसमोर येते, त्यामुळे हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

स्पर्धेच्या ट्रॅम्पोलिनचा बेड ४.२८ मीटर लांब आणि २.१४ मीटर रुंद असतो. जमिनीपासून त्याची उंची १.१५५ मीटर. भोवती पोलादी स्प्रिंग, त्यांवर गाद्या, आणि बाजूला उभे असलेले रक्षक. खेळाडू आधी सरळ उड्या मारत उंची मिळवते आणि मग सलग दहा प्रकार करते. मध्ये साधी उडी घेऊन दम खायची सोय नाही. एकदा केलेला प्रकार पुन्हा केला तर त्याच्या काठिण्याचे गुण मिळत नाहीत.

गुणांचे चार भाग असतात. पहिला काठिण्य: किती कोलांट्या, किती गिरक्या, शरीर दुमडलेलं की ताठ. दुसरा सफाई: पाय जुळलेले आहेत का, पंजे ताणलेले आहेत का, शरीर वेळेवर उघडलं का. तिसरा हवेतला वेळ: दहा प्रकारांत खेळाडू एकूण किती सेकंद हवेत होती, ते यंत्र मोजतं आणि तेवढे गुण मिळतात. लंडनच्या ऑलिम्पिकपासून हा भाग आहे. चौथा भाग २०१७ पासूनचा: दर वेळी पाय बेडच्या मध्यापासून किती लांब पडले, त्यानुसार कपात. बेडवर रंगीत रेघांनी खण आखलेले असतात. मधला चौकोन १.०८ मीटरचा. त्यात उतरलं तर कपात नाही, बाहेर गेलं की दहाव्या-दहाव्या हिश्शाने गुण जातात.

आता थोडं शाळेतलं भौतिकशास्त्र. अव्वल महिलांचा हवेतला एकूण वेळ १६ सेकंदांच्या जवळपास जातो. म्हणजे एका उडीला साधारण १.६ सेकंद, त्यातला अर्धा वेळ वर जाण्यात, अर्धा खाली येण्यात. ०.८ सेकंद पडणारं शरीर तीन मीटरहून थोडं जास्त अंतर कापतं आणि बेडला भिडताना त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो, गावातल्या रस्त्यावरच्या स्कूटरइतका. त्या १.६ सेकंदांत दोन, कधी तीन कोलांट्या आणि त्यांच्या आत गिरक्या बसवायच्या असतात.

खरी मेख आडव्या सरकण्यात आहे. समजा, बेड सोडताना शरीराचा कल उभ्या रेषेपासून चार अंशांहूनही कमी ढळला. म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर इतका आडवा वेग मिळाला. १.६ सेकंदांनंतर खेळाडू निघाल्या जागेपासून ८० सेंटिमीटर लांब उतरते. बेड मध्यापासून कडेपर्यंत, रुंदीच्या बाजूने, फक्त १०७ सेंटिमीटर आहे. एवढ्याशा ढळण्याने ती जवळजवळ कडेला पोचली! आणि कडेजवळचा बेड मधल्या बेडसारखा सरळ वर फेकत नाही, तो तिरका फेकतो. मग पुढच्या उडीत आधीची चूक दुरुस्त करायची, ती करताना उंची जाते, उंची गेली की कोलांट्या पूर्ण करायला वेळ अपुरा पडतो. ट्रॅम्पोलिनमधली चूक जिथे होते तिथे दिसत नाही. ती दोन-तीन उड्यांनी दिसते, आणि तोवर बहुतेक वेळा हातातून गेलेली असते.

यात शेवटची अट सर्वांत कठोर आहे. पाय सोडून शरीराचा भलता भाग बेडला लागला, पाय गादीवर किंवा चौकटीवर गेला, रक्षकाचा हात लागला, की रूटीन तिथेच संपतं. तोवर पूर्ण झालेल्या प्रकारांचेच गुण मिळतात. जिम्नॅस्टिक्समधल्या बीमवरून, म्हणजे अरुंद तुळईवरून, पडलेली खेळाडू पुन्हा चढते, एक गुण गमावते आणि उरलेलं रूटीन करते. ट्रॅम्पोलिनवर पुन्हा चढता येत नाही. पाचव्या उडीला थांबलात तर चारही भागांतले निम्म्याच्या आसपासचे गुण गेले. पहिली आणि आठवी यांच्यातलं अंतर काही गुणांचं असताना असं नुकसान भरून निघणं शक्य नसतं.

मोरीच्या बाबतीत जे झालं ते असं एका अर्धवट रूटीनचं नुकसान आहे. तिचा दर्जा तेराव्या क्रमांकाचा होता असं त्या तक्त्यावरून म्हणताच येत नाही. त्या तक्त्यात तिचं अपुरं रूटीन इतरांच्या पूर्ण रूटीनशेजारी मांडलेलं आहे. माझ्या मते या प्रकरणातली पहिली दुरुस्ती हीच.

वीस महिने

दुसरी दुरुस्ती वेळापत्रकाची.

२०१९च्या अखेरीस मोरीची जागा ठरली तेव्हा सगळी आखणी २०२० च्या उन्हाळ्यासाठी होती. २४ मार्च २०२० रोजी ऑलिम्पिक पुढे ढकललं गेलं. आठ महिन्यांची तयारी वीस महिन्यांची झाली. २०२० मध्ये जागतिक स्पर्धाच झाली नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धा जवळपास थांबल्या.

लवकर जागा मिळणं हे एरवी वरदान मानलं जातं. निवड चाचण्यांचा ताण नाही, दुखापत भरायला वेळ, रूटीन अवघड करायला वेळ. आठ महिन्यांसाठी हे खरं आहे. वीस महिन्यांसाठी त्याची दुसरी बाजू पुढे येते. ज्या खेळाडूची जागा अजून ठरलेली नाही, तिला मधल्या काळात देशांतर्गत का होईना, पण जिवाच्या कराराने उतरावं लागतं. जिची जागा पक्की आहे तिला सराव मिळतो, पण गमावण्यासारखं काही असलेली स्पर्धा मिळत नाही. आणि ट्रॅम्पोलिनमध्ये सराव आणि स्पर्धा यांच्यात मोठा फरक आहे. सरावात रूटीन बिघडतंय असं वाटलं की थांबता येतं, पुन्हा सुरू करता येतं. स्पर्धेत बिघडत चाललेलं रूटीन कसंबसं दहाव्या उडीपर्यंत नेणं हे वेगळंच कौशल्य आहे, आणि ते स्पर्धेतच तयार होतं. मोरीच्या मनात त्या वीस महिन्यांत काय चाललं होतं त्याचा अंदाज मी बांधणार नाही. पण जागा देण्याची पद्धत आणि महामारी यांनी मिळून तिच्यासमोर जी परिस्थिती ठेवली, तिचं वर्णन एवढ्यावरून करता येतं.

आणखी एक बदल: प्रेक्षक. २०१९ मध्ये आरिआकेत लोक होते. २०२१ मध्ये टोकियोतली मैदानं रिकामी ठेवायचा निर्णय झाला होता. 'घरच्या प्रेक्षकांचं दडपण' ही बातम्यांतली ओळ त्यामुळेच मला खटकते, कारण घरचे प्रेक्षक तिथे नव्हतेच. होतं ते घरचं मैदान, घरची माध्यमं आणि हजारो रिकाम्या खुर्च्या. ज्या जागेच्या आठवणीत जल्लोष आहे ती जागा अशी सुनी भेटणं खेळाडूला सोपं जात असेल असं मला वाटत नाही.

तीनच दिवस आधी, २७ जुलैला, याच इमारतीत अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली होती. हवेत असताना आपण कुठे आहोत हे शरीराला कळेनासं होणं, या जिम्नॅस्टच्या जुन्या भीतीबद्दल तिच्यामुळे जग पहिल्यांदा मोकळेपणाने बोलू लागलं. ती चर्चा गरजेची होती. पण तिचा एक परिणाम असा झाला की त्या आठवड्यात आरिआकेत जे जे बिघडलं, ते सगळं लोक त्याच खणात टाकू लागले. मोरीचं रूटीन त्या कारणाने तुटलं असं म्हणायला आधार नाही.

शेजारच्या दोन घटना

कोणत्याही प्रकरणात तुलना लागते. इथे दोन आहेत.

पहिली उयामा. तोच देश, तीच इमारत, त्याच रिकाम्या खुर्च्या, तोच दिवस. ती अंतिम फेरीत पोचली आणि पाचवी आली. ऑलिम्पिक ट्रॅम्पोलिनमध्ये जपानी महिलेची तोवरची ही सर्वांत वरची जागा. तिच्यामुळे 'यजमानपणाचा भार' हे स्पष्टीकरण निम्मं गळून पडतं. उरतं ते एवढंच की उयामा विश्वविजेती नव्हती आणि मोरी होती. या फरकाचा परिणाम नक्की असेल, पण तो किती, हे एका दिवसाच्या निकालावरून मोजता येणार नाही. दोघींच्या दिवसातला हातात धरता येण्यासारखा फरक एकच आहे: उयामाच्या बेडवर जे काही ढळलं असेल ते तिला सावरता आलं, मोरीला सावरता आलं नाही. उयामाचं कौतुक त्या दिवशी फार कमी झालं, याचं मला वाईट वाटतं. मोरीच्या बातमीखाली तिची पाचवी जागा दबून गेली.

दुसरी तुलना जपानबाहेरची आहे आणि मला ती अधिक बोलकी वाटते. ३१ जुलैला त्याच इमारतीत पुरुषांची स्पर्धा झाली. चीनचा गाओ लेई २०१५, २०१७, २०१८ आणि २०१९ असा चार वेळचा विश्वविजेता, रिओचा कांस्यविजेता. अंतिम फेरीत त्याचं रूटीन मध्येच तुटलं आणि तो आठवा आला. सुवर्ण बेलारूसच्या इव्हान लित्विनोविचने नेलं, रौप्य डोंग डोंगने. डोंग डोंगचं ते सलग चौथ्या ऑलिम्पिकमधलं पदक होतं.

म्हणजे २०१९ चे दोन्ही वैयक्तिक विश्वविजेते, एक जपानी आणि एक चिनी, लागोपाठच्या दोन दिवसांत एकाच इमारतीत अर्धवट रूटीनने बाद झाले. गाओ लेई यजमान नव्हता. त्याच्यावर घरच्या माध्यमांचे कॅमेरे रोखलेले नव्हते. 'जपानी मुलगी घरच्या ओझ्याखाली कोसळली' या गोष्टीत तो कुठेच बसत नाही. दहा उड्यांच्या गणितात मात्र तो अगदी बरोबर बसतो. विजेता होण्यासाठी रूटीन जितकं उंच आणि अवघड ठेवावं लागतं, तितकी चुकीला जागा कमी उरते. सर्वांत चांगले खेळाडू या खेळात सर्वांत धोक्याच्या काठावर खेळत असतात, म्हणून त्यांचे निकाल एक तर अगदी वरचे असतात नाहीतर अगदी खालचे. २०१२ मध्ये लंडनला चीनची गतविजेती हे वेनना शेवटच्या उतरणीला पडली आणि सुवर्णाऐवजी कांस्यावर आली, तेही याच जातीचं उदाहरण. ती नशीबवान म्हणायची, कारण तिचे दहाही प्रकार तोवर झालेले होते.

बेरीज की सर्वोत्तम

या प्रकरणात नियमाचाही वाटा आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेलं.

टोकियोत पात्रता फेरीत प्रत्येकीला दोन रूटीन करायची होती आणि दोन्हींचे गुण मिळवून क्रम लागत होता. पहिल्यात काठिण्याचे गुण मोजक्याच प्रकारांना मिळत आणि सफाईवर भर असे. दुसरं मोकळं, पूर्ण काठिण्याचं. दोन्हींची बेरीज असल्याने एक रूटीन तुटलं की दुसरं कितीही सुंदर झालेलं असलं तरी उपयोग नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत ही पद्धत बदलली होती. तिथे पात्रता फेरीत दोन रूटीन होती, पण त्यांतलं चांगलं तेवढंच धरलं गेलं. एक तुटलं तरी दुसऱ्यावर अंतिम फेरी गाठता येते. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाला हीच पद्धत योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. चार अंशांच्या चुकीने निम्मे गुण जाणाऱ्या खेळात बेरीज लावली तर पात्रता फेरी सर्वोत्तम खेळाडू शोधत नाही, सर्वांत कमी अपघात झालेले आठ जण शोधते. लांब उडीत सर्वोत्तम उडी धरतात, भालाफेकीत सर्वोत्तम फेक धरतात, आणि म्हणून तिथे फाऊल झालेल्या फेकीवर खेळाडूची चार वर्षं जात नाहीत.

याला एक उत्तर आहे, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. सातत्य हाही गुणच आहे, दोनदा नीट करून दाखवणाऱ्याला त्याचं फळ मिळालं पाहिजे, असं म्हणणारे लोक बेरजेच्या बाजूने बोलतात. पण सातत्याची परीक्षा अंतिम फेरीत होतेच. तिथे रूटीन एकच असतं आणि दुसरी संधी नसते, टोकियोतही नव्हती आणि पॅरिसमध्येही नव्हती. गाओ लेई तिथेच हरला. पात्रतेच्या पायरीवर थोडी सवलत दिल्याने खेळ सोपा होत नाही, फक्त अंतिम फेरीत योग्य माणसं पोचतात.

नवा नियम २०२१ मध्ये असता तर मोरी नक्की अंतिम फेरीत गेली असती असा दावा मला करायचा नाही. पहिलं रूटीन सफाईचं होतं, पूर्ण काठिण्याचं नव्हतं, त्यामुळे त्या आकड्यांवर नवा नियम सरळ चढवता येत नाही. पण एका तुटलेल्या रूटीनने ती आपोआप बाद झाली नसती, एवढं नक्की.

सोफिया, मग पॅरिस

टोकियोनंतर जागतिक विजेतेपद ब्रिटनच्या ब्रायनी पेजकडे गेलं, नोव्हेंबर २०२१ मध्ये बाकूला. पुढच्या वर्षी बल्गेरियातल्या सोफियाला मोरीने ते परत मिळवलं. वैयक्तिक सुवर्ण, दुसऱ्यांदा. २०२३ मध्ये बर्मिंगहॅमला पुन्हा पेज. चार जागतिक स्पर्धांत विजेतेपद मोरी, पेज, मोरी, पेज असं फिरलं. हा क्रम समोर ठेवला की टोकियोचा तेरावा क्रमांक कुठल्या कारकिर्दीच्या मध्यावर पडला आहे ते दिसतं. त्याच्या वीस महिने आधी एक विश्वविजेतेपद आणि सुमारे सोळा महिन्यांनी दुसरं.

२०२२ च्या सुवर्णाला मी २०१९च्या सुवर्णापेक्षा वरचं मानतो. पहिल्या वेळी ती उगवती खेळाडू होती, हरली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. दुसऱ्या वेळी तिला ठाऊक होतं की तिचं रूटीन जगासमोर तुटू शकतं, कारण ते तुटलं होतं. ते माहीत असूनही त्याच उंचीवर, त्याच कोलांट्या घेऊन पुन्हा जायचं, यात काय लागतं ते शरीराने उंचावरून एकदा तरी चुकीचं पडलेल्यालाच नीट कळेल. सुरक्षित रूटीन लावून पाचवी-सहावी जागा घेत राहण्याचा मार्ग तिच्यापुढे होता. तिने तो घेतला नाही. जपानमध्येही आणि बाहेरही या विजयाबद्दल टोकियोच्या अपयशाच्या दहाव्या हिश्शाएवढंसुद्धा लिहिलं गेलं नसावं, कारण तो ऑलिम्पिकचा नव्हता.

२ ऑगस्ट २०२४, पॅरिस, बेर्सी अरीना. या वेळी मोरी अंतिम फेरीत पोचली आणि सहावी आली. सुवर्ण ब्रायनी पेजचं, ५६.४८० गुणांनी. रौप्य तटस्थ, म्हणजे देशाच्या झेंड्याविना, खेळाडू म्हणून आलेल्या वियालेता बार्दझिलोउस्काया हिचं, कांस्य कॅनडाच्या सोफियान मेतोचं. टोकियोत चीनच्या झू श्वेयिंगने ५६.६३५ वर सुवर्ण नेलं होतं. तीन वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या इमारतींत, दोन सुवर्णांमध्ये फरक दीडदशांश गुणाचा. एका उतरणीला पाय मधल्या चौकोनाच्या बाहेर पडले तरी साधारण एवढेच गुण जातात.

जपानला ट्रॅम्पोलिनचं ऑलिम्पिक पदक पॅरिसमध्येही मिळालं नाही. पेजने २०१६ मध्ये रौप्य, २०२१ मध्ये कांस्य आणि २०२४ मध्ये सुवर्ण घेतलं. सुवर्ण जिंकताना ती ३३ वर्षांची होती. मोरी त्या दिवशी २५ वर्षांची होती.